खचलेल्या अंतःकरणाने देवाकडे पुन्हा कसे वळावे: सोलापुरातील विश्वासणाऱ्यांसाठी

दर रविवारी उपासनेला येणाऱ्या आणि नेमाने प्रभुभोजन घेणाऱ्या माणसाचेही अंतःकरण कोरडे पडू शकते. घरातला अकाली मृत्यू, दारूने मोडलेला संसार, भावाभावांतील वाटणीचा वाद किंवा वर्षानुवर्षे कोणालाही न सांगितलेले पाप यांमुळे प्रार्थना ओठांवरच राहते. अशा माणसाला आरोग्यसभेला, म्हणजे बरे होण्यासाठीच्या प्रार्थनासभेला, घेऊन जाणे एवढाच उपाय अनेकांना सुचतो. एका रात्रीत मोकळे झालेल्यांची साक्ष मी नाकारत नाही. परंतु अंतःकरणाची जखम बहुतेकदा सावकाश, क्रमाने आणि इतरांच्या सोबतीने भरते असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात शरीरापासून करावी. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया संदेष्टा झुडुपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि उठवून पुन्हा खाऊ घातले. पुढचा होरेब डोंगरापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतरचा आहे (१ राजे १९). यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याने किंवा दिवसभर विड्या वळून घर सांभाळणाऱ्या बाईने पहाटेच्या लांब प्रार्थनेचा नेम धरण्याआधी झोप आणि जेवण सावरावे. आठवडे उलटूनही झोप आणि भूक परतली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही न थांबता घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. पौलाने लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असाच केला आहे.

यानंतर देवापुढे खरे बोलावे, आणि हेच आपल्याला सर्वांत जड जाते. दुःखातही लगेच ‘स्तुती असो’ म्हणण्याची आपल्याला सवय लागलेली असते, पण स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे सरळ तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते; त्याला सांत्वनाचा शेवट नाही, तरीही ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात टिकून आहे. यांपैकी एकच स्तोत्र निवडून ते आठवडाभर रोज मोठ्याने वाचावे आणि वाचून झाल्यावर आपले गाऱ्हाणे साध्या शब्दांत देवाला सांगावे. सोलापुरात ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते त्यांनी ते त्याच भाषेत सांगावे, कारण माणूस ज्या भाषेत रडतो त्या भाषेत तो सहसा काही लपवत नाही.

मग पाप आणि जखम वेगळी करावी. नाथान संदेष्ट्याने दोष पदरात घातल्यावर दावीद राजाने जो पश्चात्ताप केला, तो एकावन्नाव्या स्तोत्रात आहे. स्वतःच्या हातून अपराध घडला असेल तर ते स्तोत्र आपले मानावे. मात्र ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला त्या अन्यायाबद्दल पश्चात्ताप करायला लावणे क्रूरपणाचे आहे, आणि दुर्दैवाने हे प्रार्थनासभांतही घडते.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतील जबाबदार ज्येष्ठांना, बोलावावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी आणि सर्वांनी एकमेकांजवळ पापे कबूल करावीत, असे सांगितले आहे. कॅथोलिक विश्वासणाऱ्यांसाठी धर्मगुरूजवळचे पापनिवेदन आहे आणि त्याची गुप्तता मोडता येत नाही. इतरांनी पाळकसाहेब किंवा एखादा परिपक्व वडील निवडावा, आणि बोलण्याआधीच ‘हे तुमच्यापाशीच राहील ना?’ असे स्पष्ट विचारावे. आपला समाज लहान, त्यात सोयरिकींनी बांधलेला. प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट आठवड्याभरात सर्वतोमुखी होऊ शकते. स्त्रीने शक्यतो अनुभवी स्त्रीशी बोलावे.

समेट मात्र टाळता येत नाही. वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५), आणि जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. म्हणून बुडवलेले पैसे परत करणे हा या नवीकरणाचाच भाग आहे. पण क्षमा करणे म्हणजे मारझोड करणाऱ्याच्या घरात परत जाणे नव्हे. सूडाचा हक्क देवाकडे सोपवावा, पण सुरक्षिततेसाठी अंतर ठेवावे आणि गरज असेल तर पोलिसांकडे जावे.

उपवासाविषयी थोडेच सांगतो. लेंतकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ, संपता संपता सोलापुरात कडक ऊन असते. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि उन्हात राबणारे यांनी पाणी पिणे सोडू नये.

सोलापूरहून पुण्याला जाणारी रेल्वे ज्या केडगाववरून जाते, तेथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले. त्याची चर्चा आपल्याकडे नेहमी अश्रू आणि आवेशाची होते, पण रमाबाईंनी त्याआधी कित्येक वर्षे विधवांना आणि दुष्काळपीडित मुलींना अन्न, निवारा, शिक्षण आणि हाताला काम दिले होते, आणि प्रार्थनेचा गट महिनोन्महिने रोज जमत होता. म्हणून आपल्या गल्लीतील तीन-चार कुटुंबांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, एक गीत म्हणावे, मार्काच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचावा आणि खचलेल्या माणसाला बोलण्याची सक्ती न करता सोबत बसू द्यावे. त्याला एखादे छोटे काम जरूर द्यावे, जसे सतरंज्या घालणे किंवा आजाऱ्याला डबा पोहोचवणे.

काही महिन्यांनी त्याला बरे वाटू लागले, म्हणजे मंडळीला साक्ष ऐकण्याची घाई होते. ती घाई करू नये. साक्ष द्यायची की नाही आणि त्यात किती सांगायचे हे त्याच्यावरच सोडावे, आणि त्याच्या परवानगीशिवाय कोणीही त्याचे नाव उपदेशात किंवा मोबाईलवरील गटात घेऊ नये.