सक्तीच्या दानाचा कायदा: मसुदा हाती आला की काय तपासायचं

प्रत्येक कमावत्या माणसाने उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दान केलाच पाहिजे, असा कायदा असावा का? हो किंवा नाही म्हणण्याआधी मसुद्यातली मोजकी कलमं शोधून वाचा. सक्ती तारक ठरेल की मारक, हे त्यांवरच ठरतं.

पहिलं कलम: पैसे कुणाला जाणार, हे कोण ठरवतं?

रक्कमही सरकार ठरवणार आणि संस्थाही सरकारच निवडणार असेल, तर तो कर आहे. त्याला दान म्हणू नका, कराचेच निकष लावा. यात वाईट काही नाही. इंग्लंडमध्ये 1552 च्या कायद्याने गरिबांसाठी वर्गणी सौम्य शब्दांत मागायची आणि न देणाऱ्याची बिशपने समजूत काढायची, अशी पद्धत होती. 1563 मध्ये अडून बसणाऱ्याला न्यायाधीशांपुढे नेण्याची तरतूद आली आणि 1572 मध्ये सरळ सक्तीची पट्टी बसली. विनंतीवर भागलं नाही, म्हणून वीस वर्षांत दानाचा कर झाला. सक्तीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे: देणारे तेच ते राहतात, बाकीचे त्यांच्या जिवावर निर्धास्त असतात. सक्तीने भार वाटला जातो आणि संस्थांना दरवर्षी किती येणार याचा अंदाज बांधता येतो.

संस्था देणाऱ्याने निवडायची असेल, तर पुढचा प्रश्न विचारा: जो काहीच निवडत नाही, त्याच्या पैशाचं काय? इटलीत आयकरातले 0.8 टक्के सरकार किंवा एखाद्या धर्मसंस्थेच्या नावे टाकता येतात. (ही रक्कम कराच्या आतलीच असते, वेगळं काही द्यावं लागत नाही.) न निवडणाऱ्यांचे पैसेही निवडणाऱ्यांच्याच प्रमाणात वाटले जातात. म्हणजे बोलणाऱ्या थोड्यांनी गप्प बसणाऱ्या अनेकांच्या पैशाची दिशा ठरवायची. हंगेरीत करातला 1 टक्का असाच एखाद्या स्वयंसेवी संस्थेला नेमून देता येतो, पण न नेमलेला पैसा सरकारकडेच राहतो. आमच्या मते हंगेरीची रीत जास्त प्रामाणिक आहे.

दर आणि मर्यादा

इथे आकडा मांडूनच बघा. समजा, मर्यादा 1000 एकक उत्पन्नाची आणि दर अडीच टक्के आहे. दर पूर्ण उत्पन्नावर लावला तर 1000 कमावणारा काहीच देत नाही आणि 1001 कमावणारा 25 देतो. एक एकक जास्त कमावल्याने त्याच्या हातात 24 कमी उरतात. मग लोक उत्पन्न मर्यादेखाली दाखवू लागतात. म्हणून दर फक्त मर्यादेवरच्या भागावर हवा. कर्जाचे हप्ते, आजारपण आणि अवलंबून असलेली माणसं यांची वजावट आधी झाली पाहिजे, नाहीतर ज्याला मदत मिळायला हवी तोच मदत देत बसेल.

आधीच्या दानाचं काय होईल?

बहुतेक मसुदे इथेच फसतात. आधी 40 एकक मनाने देणाऱ्याला 30 ची सक्ती केली आणि त्याने आपलं दान 10 वर आणलं, तर एकूण आकडा 40 च राहिला. वर वसुलीचा खर्च वाढला. भारतात कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. अभ्यासकांना असं आढळलं की आधी 2 टक्क्यांहून जास्त देणाऱ्या कंपन्यांनी कायद्यानंतर हात आखडता घेतला. 'किमान एवढं तरी' म्हणून ठरवलेली रेषा 'एवढंच पुरे' अशी वाचली गेली. नियम कंपन्यांचा असला तरी माणसंही तसंच वागू शकतात.

मनाचाही भाग आहे. 2007 च्या एका प्रयोगात माणसांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात ठेवून त्यांच्या पैशातून अन्नदान संस्थेला रक्कम दिली गेली. सक्तीने गेली तरी मेंदूतली समाधानाची केंद्रं जागी झाली, पण स्वतःहून दिली तेव्हा जास्त. सक्तीने आनंद मरतो हे म्हणणं म्हणूनच अर्धंच खरं आहे; तो कमी होतो.

वसुली आणि यादी

पाकिस्तानात 1980 पासून बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या दिवशी अडीच टक्के जकात (इस्लाममधलं बंधनकारक धार्मिक दान) कापली जाऊ लागली. दिवस आधीच ठाऊक असल्याने अनेकांनी आदल्या दिवसांत पैसे काढून घेतले. शिया समाजाच्या विरोधानंतर त्यांना सूट द्यावी लागली. यातून दोन गोष्टी तपासा: रक्कम एका दिवसाच्या शिलकीवर मोजू नका, वर्षभराच्या उत्पन्नावर मोजा, आणि सद्सद्विवेकाच्या कारणाने सूट मागणाऱ्याला तेवढीच रक्कम दुसऱ्या कामासाठी देण्याचा मार्ग ठेवा, म्हणजे सूट ही पळवाट होत नाही.

पात्र संस्थांची यादी सत्तेतल्या लोकांच्या हाती असेल, तर टीका करणाऱ्या संस्था आधी वगळल्या जातात. नाव काढताना लेखी कारण, अपिलाची मुदत आणि हिशेबांची स्वतंत्र तपासणी, या तिन्ही तरतुदी मसुद्यात हव्यात. दात्याच्याच कुटुंबाने चालवलेली संस्था सक्तीच्या रकमेसाठी अपात्र ठरवा, नाहीतर पैसा फिरून घरीच येईल.

शेवटी मुदत बघा. कायदा लागू होण्याआधीच्या तीन वर्षांतलं ऐच्छिक दान मोजून ठेवलेलं हवं आणि पाच वर्षांनी कायदा आपोआप संपेल असं कलम हवं. मुदतवाढ मागणाऱ्याने वसूल किती झालं हे सांगून भागणार नाही. सक्तीचं आणि ऐच्छिक मिळून एकूण दान किती वाढलं, याचा आकडा त्याने मांडायचा.