फायर टेस्टचे रिपोर्ट तपासताना या चुका टाळा

दरवाजे, पार्टिशन, फॉल्स सीलिंग, बाहेरचं क्लॅडिंग (भिंतीवर लावायचं पॅनेलचं आवरण) अशा मटेरियलच्या फाइली तपासणं हे माझं रोजचं काम. प्रत्येक फाइलला कुठल्या तरी लॅबचा कागद जोडलेला असतो, आणि बहुतेकदा तो कागद लावणाऱ्याने वाचलेला नसतो. चुकाही वर्षानुवर्षं त्याच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे क्लास आणि मिनिटं एकच समजणं. ‘क्लास ए आहे, म्हणजे दोन तास टिकेल’ हे वाक्य मी अनुभवी माणसांच्या तोंडूनही ऐकतो. क्लास ए बहुधा एएसटीएम ई ८४ या अमेरिकन चाचणीतून आलेला असतो. त्यात पृष्ठभागावरून ज्वाळा किती पसरते आणि धूर किती होतो एवढंच मोजतात. पसरण्याचा निर्देशांक २५ पर्यंत आणि धुराचा ४५० पर्यंत असला की क्लास ए मिळतो. भिंत किंवा दरवाजा आग किती वेळ अडवेल, याचं उत्तर या चाचणीत नाही. त्यासाठी पूर्ण भिंत किंवा दरवाजा भट्टीच्या तोंडावर बसवावा लागतो. भट्टी अर्ध्या तासात ८४२, तासात ९४५ आणि दोन तासांत १०४९ अंशांवर जाते. साधी काच पेटत नाही, पण आगीत काही मिनिटांत तडकून खाली येते. जाड सागवानी फळी पेटते, पण मिनिटाला एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने आत जळत जाते. हे डोक्यात बसलं की घोळ होत नाही.

मिनिटांतही दोन आकडे असतात. ज्वाळा पलीकडे जाऊ न देण्याचा एक, आणि पलीकडची बाजू तापू न देण्याचा दुसरा. पलीकडच्या बाजूचं तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी १४० किंवा कुठल्याही एका जागी १८० अंशांनी वाढलं की दुसरा आकडा तिथेच थांबतो. पत्र्याच्या दरवाजाचा पहिला आकडा १२० असला, तरी दुसरा पुष्कळदा त्याच्या जवळपासही नसतो. ब्रोशरवर मात्र १२० च छापतात. जिन्यातून माणसं अशा तापलेल्या दरवाजाला खेटूनच उतरणार असतात, म्हणून दुसरा आकडा लेखी मिळाल्याशिवाय मी फाइल पुढे सरकवत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळते. चाचणी झालेली वस्तू एक आणि साइटवर बसवलेली वस्तू दुसरी. ठाण्याकडच्या एका टॉवरमध्ये जिन्याचे दरवाजे बघायला गेलो होतो. ठेकेदार म्हणाला, “साहेब, दोन तासांचा दरवाजा आहे, सर्टिफिकेट फाइलला लावलंय.” मी वाकून बघितलं. फरशी ठरल्यापेक्षा जाड पडली होती, म्हणून दरवाजा अडकायला लागल्यावर खालून ग्राइंडरने कापला होता. खालची पट्टी गेली होती, आतलं भरण उघडं पडलं होतं आणि त्या फटीत माझी चार बोटं सहज गेली. चौकटीवर ठोकलं तर पोकळ आवाज आला. रिपोर्टमधल्या ड्रॉइंगात चौकट सिमेंट ग्राउटने भरलेली होती; इथे भिंत आणि चौकटीच्या मध्ये साधा पिवळा पीयू फोम मारला होता, जो स्वतःच जळतो. फटीत बसवायची, उष्णतेने फुगणारी पट्टी रंगाऱ्याने ऑइलपेंटखाली गाडली होती. मी रिपोर्टमधलं ड्रॉइंग उघडून दरवाजाशेजारी धरलं. त्या जिन्याचे सगळे दरवाजे उतरवावे लागले, ताबा लांबला आणि ठेकेदार अजूनही माझ्यावर नाराज आहे. ते दरवाजे तसेच राहिले असते, तर आगीच्या वेळी जिना धुराने भरला असता.

म्हणून मी रिपोर्ट मागून पुढे वाचतो. आधी ड्रॉइंग आणि फोटो, मग नमुन्याचं वर्णन, मग भट्टी चालू असताना मिनिटागणिक केलेल्या नोंदी. निकालाचं पान सगळ्यात शेवटी. नवीन इंजिनिअर फक्त तेच पान बघतात आणि सही करून मोकळे होतात. ही घाई मला अजिबात मान्य नाही. बिजागरी, कुलूप, क्लोजर (दरवाजा आपोआप लावणारा), काचेचा तुकडा, यातलं काहीही बदललं तर तो रिपोर्ट त्या दरवाजाचा राहत नाही.

क्लॅडिंगचंही तसंच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं, की तिथलं ॲल्युमिनियमचं पॅनेल सपाट ठेवून रिव्हेट मारून बसवलं तर चाचणीत एक निकाल येत होता आणि कडा दुमडून डब्यासारखी कॅसेट केली तर फारच वाईट. इमारतीवर कॅसेट होती. आणि हो, पॅनेलला लायटर लावून दाखवणाऱ्या विक्रेत्याला तिथेच थांबवा. ज्वाळा वरच्या ॲल्युमिनियमला लागते. जळणारा गाभा आत असतो.

मटेरियल आगीत कसं वागतं याच्या युरोपीय वर्गीकरणात बी या अक्षरापाशी थांबू नका. पुढचा एस धुराचा, डी जळत्या थेंबांचा.

आयएस ५५०९ (अग्निरोधक प्लायचं भारतीय मानक) चा कागद नुसत्या प्लायचा असतो. वर लॅमिनेट चिकटवलं की त्या पृष्ठभागाबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

रिपोर्टमधली जाडी आणि साइटवरची जाडी टेप लावून जुळवा, तोंडी विश्वासावर नको.

महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तेव्हा पंप आणि हायड्रंट बघून परतू नका, प्रत्येक फायर डोअर उघडून सोडा आणि तो आपोआप पूर्ण लागतो का बघा.

पार्टिशनवर सही करण्याआधी फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलून वर टॉर्च मारा. पार्टिशन स्लॅबला भिडलेलं नसेल किंवा केबल ट्रेसाठी पाडलेलं भोक तसंच उघडं असेल, तर खालच्या बोर्डाचा रिपोर्ट कितीही चांगला असो, फाइल परत पाठवा.