पन्नाशीत वजन उतरवायचंय? आधी स्नायू वाचवा

मी दोनदा वजन उतरवलंय, एकदा चुकीच्या पद्धतीने आणि एकदा नीट. दोन्हीतला फरक मला आधी कोणी सांगितला असता तर मधली दोन-तीन वर्षं वाचली असती म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिली खेप एकोणपन्नासाव्या वर्षी. पाळी कधी यायची कधी नाही, कमरेला कपडे घट्ट व्हायला लागले होते आणि खाणं तर पूर्वीइतकंच होतं, मग घाबरून मी एकच वेळ जेवायला लागले, दुसऱ्या वेळी नुसतं सूप आणि काकडी-टोमॅटो, वर रोज तासभर भराभर चालणं. चार महिन्यांत ९ किलो गेले. सगळ्या म्हणाल्या काय बारीक झालीस गं! पण तेव्हाच बरणीचं झाकण माझ्याच्याने निघेना, जिना चढताना मांड्या थरथरायला लागल्या, केस धुताना पुंजके हातात यायचे. पुढच्या वर्षभरात ९ चे ११ होऊन परत आले आणि जाताना चरबीबरोबर स्नायू पण गेले होते, परत आली ती मात्र बहुतेक चरबीच. म्हणजे मी आधीपेक्षा जाड तर झालेच आणि कमजोर पण झाले.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्यावरच उभं आहे की या वयात चरबी उतरवायची आणि स्नायू धरून ठेवायचे, काट्यावरचा आकडा नंतर.

आता शरीरात नेमकं काय होतं ते बघा, कारण ते कळलं की स्वतःला दोष देणं कमी होतं. पाळी सलग १२ महिने आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, आणि त्याच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हॉर्मोन, वरखाली होत होत घसरत जातं. इस्ट्रोजेन असतं तेव्हा चरबी नितंब-मांड्यांवर बसते, ते कमी झालं की तीच चरबी पोटाकडे सरकते, त्यातली बरीच आत आतड्यांच्या, लिव्हरच्या आसपास साठते. त्यामुळे वजन फार न वाढता पण पोट सुटू शकतं. ही आतली चरबीच शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलला जास्त त्रासदायक. दुसरीकडे तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, आपण काहीच केलं नाही तर.

"माझा मेटॅबोलिझमच बसलाय" हे आपण सगळ्या म्हणतो, मी पण म्हणायचे. पण २०२१ साली सायन्स या जर्नलमध्ये २९ देशांतल्या ६ हजारांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की शरीराचा आकार आणि त्यात स्नायू किती, चरबी किती हे हिशोबात धरलं तर रोजचा ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास सारखाच राहतो, साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्के घटतो. म्हणजे पन्नाशीला इंजिन बिघडत नाही. इंजिन लहान होतं कारण स्नायू कमी झालेले असतात, आणि आपण दिवसभर हलतो पण कमी, बसून काम, गुडघे दुखतात म्हणून टाळाटाळ, झोप नाही म्हणून थकवा. मला हे वाचून खरंच धीर आला होता, कारण स्नायू वाढवता येतात. कुठल्याही वयात, अगदी सत्तरीत सुद्धा.

सुरुवात करायच्या आधी

डॉक्टरकडे एक चक्कर माराच. थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी आणि बी१२, लिपिड (रक्तातली चरबी, कोलेस्टेरॉल वगैरे), बीपी एवढं बघून घ्या. थायरॉइड कमी असेल तर तुम्ही कितीही कष्ट करा, थकवा आणि सूज जाणार नाही. तुमच्या चालू गोळ्यांची यादी पण दाखवा कारण स्टेरॉइड्स, काही डिप्रेशनच्या गोळ्या, इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्या यांनी वजन वाढतं. स्वतः मनाने बंद मात्र काही करू नका. आणि शुगर-बीपीची औषधं चालू असतील तर वजन उतरायला लागल्यावर डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर चक्कर येते, म्हणून डॉक्टरला आधीच सांगून ठेवा की मी हे सुरू करतेय.

पाळी पूर्ण थांबल्यावर पुन्हा थोडंसं जरी रक्त दिसलं, किंवा काही न करता वजन उतरायला लागलं, किंवा पोट सारखं फुगलेलं राहतंय आणि दोन घासात भरतंय, तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या. याला उशीर नको.

ताकदीचा व्यायाम, हाच मुख्य

चालणं चांगलंच आहे, मी रोज चालते. पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत हे मला पहिल्या खेपेला कळलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि वर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि आपण बायका यातला दुसरा भाग बिनदिक्कत गाळतो. वजनं उचलली की अंग पुरुषी होईल अशी भीती असते, ती काढून टाका. आपल्याला जेवढे आहेत तेवढे स्नायू राखायलाच मेहनत लागते.

जिम लागत नाही. खुर्ची घ्या, हात न टेकता उठा आणि सावकाश बसा, बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत खाली या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. भिंतीला हात लावून पुश-अप, ते सोपे झाले की ओट्याला धरून. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. पाण्याच्या बाटल्या किंवा सामान भरलेली पिशवी घेऊन कोपर मागे खेचणं, म्हणजे पाठीचे स्नायू. टाचा उचलणं, भांडी घासताना पण होतं. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, थोडा दम खाऊन परत, असे दोन-तीन सेट, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती. एकूण अर्धा तास होतो.

यात खरी गोम अशी की शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. बारा सहज झाले तर पुढच्या वेळी वजन वाढवा. वर्षभर तीच अर्धा किलोची बाटली उचलत बसलात तर स्नायूला वाढायचं काही कारणच नाही. मी सहा महिने हीच चूक करत होते, व्यायाम तर रोज आणि फरक शून्य.

हाडांचं पण सांगते कारण ते याच्याशीच जोडलेलं आहे. मेनोपॉजनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, आणि त्याच वेळी आपण उपाशी राहून वजन उतरवलं तर झीज अजून वाढते. स्नायू हाडाला ओढतात तेव्हा हाडाला टिकून राहायचा इशारा मिळतो, म्हणून पण वजनं उचलायची. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आधीच निघाला असेल तर कंबरेतून पुढे वाकून किंवा पिळून जड काही उचलायचं नाही, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आणि एक, ज्याबद्दल बोलायला आपण लाजतो. व्यायाम करताना, खोकताना लघवीचे थेंब जातात म्हणून कित्येक जणी व्यायामच सोडतात. खूप बायकांना होतं हे, तुम्ही एकट्या नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम असतात, शिकवणाऱ्या फिजिओ असतात, बऱ्याच जणींना त्याने चांगला फरक पडतो. जोर लावताना श्वास रोखू नका, सोडा, त्याने पण खाली दाब कमी येतो.

खाण्याचं काय

आधी काय वाढवायचं ते, मग कमी करायचं. वाढवायचं प्रोटीन. वाढत्या वयात दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतं असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ६५ किलोच्या बाईला साधारण ६५ ते ७८ ग्रॅम. मी पहिल्यांदा वहीत लिहून काढलं तेव्हा माझं ३५ पण भरत नव्हतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात साडेसहाच्या आसपास, १०० ग्रॅम घट्ट शिजलेल्या डाळीत ९, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये ३० च्या आसपास, सुक्या सोया चंक्समध्ये तर १०० ग्रॅमला ५० च्या आसपास. पातळ डाळीच्या वाटीत फार काही नसतं, आपण उगाच समाधान मानतो. एकाच वेळी सगळं न खाता तीन जेवणांत वाटा, आणि सकाळी नक्की घ्या. सकाळी नीट प्रोटीन खाल्लं की संध्याकाळी पाच वाजता जे डबे उघडले जातात ना, ते बऱ्यापैकी थांबतं, माझा अनुभव आहे. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरला विचारा.

प्रोटीनबरोबर भाज्या, फळं, कडधान्यं, म्हणजे फायबर रोज २५ ग्रॅमच्या पुढे जाईल असं बघा. हळूहळू वाढवा आणि पाणी प्या, एकदम वाढवलं तर पोट फुगतं.

आता कमी करायचं. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी, बस, त्याहून जास्त घाई नको. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली तर अजिबातच नको. ह्या कॅलरी येतात कुठून ते शोधा. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि आपण बाटलीतून ओततो. चहा-कॉफीतली साखर, ज्यूस, मुलांच्या ताटात उरलेलं खाऊन टाकणं, चव बघत बघत होणारं अर्धं जेवण, बिस्किटं. पाकिटातल्या पदार्थांचं तर वेगळंच. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना ठेवून बघितलं होतं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि साधं अन्न दोन्ही दोन-दोन आठवडे, पोटभर खा म्हणून सांगून. प्रक्रिया केलेलं असताना माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि पोट भरल्याचं समाधान मात्र दोन्हीकडे सारखंच सांगत होती. म्हणजे यात आपल्या मनाचा दुबळेपणा कमी आणि त्या पदार्थाची बनावट जास्त.

ठराविक तासच खायचं हा प्रकार जमत असेल तर करा, ज्यांना जमतो त्यांना बरा पडतो पण त्यात वेगळी जादू नाही, कॅलरी कमी जातात म्हणून वजन उतरतं. आणि त्या कमी तासांत प्रोटीन भरत नसेल तर माझ्या मते आपल्या वयाला तो सौदा महागात पडतो. डिटॉक्स, चरबी जाळणारे काढे, पोटाचे पट्टे यावर वेळ आणि पैसे दोन्ही घालवू नका.

झोपेबद्दल थोडं. रात्री घामाघूम होऊन तीन वाजता जाग येते, मग दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं, व्यायामाला अंग उचलत नाही. झोप अपुरी झाली की भूक वाढते हे खरंच आहे. हॉट फ्लॅशेस, म्हणजे अचानक अंगातून गरम वाफा येणं, फार असतील तर सहन करत बसू नका, हॉर्मोन थेरपी किंवा दुसरे उपचार आहेत, आपल्याला चालतील का ते डॉक्टर ठरवतील. हॉर्मोन थेरपी वजन कमी करायचं औषध नाही, पण झोप लागली तर बाकीचं करायला बळ येतं. मोठ्याने घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर पण दमलेल्या असाल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं, तपासून घ्या, मेनोपॉजनंतर बायकांमध्ये तो वाढतो.

मोजायचं कसं? काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज चढलात तर मीठ-पाण्यानेच किलो-दोन किलो इकडेतिकडे होतं आणि उगाच रडू येतं. त्यापेक्षा बेंबीच्या जरा वर टेप लावून कंबर मोजा, ती उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, म्हणजे १५६ सेंटीमीटर उंची असेल तर कंबर ७८ च्या आत. लगेच नाही होणार, पण दिशा ती. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी बीपी-शुगरवर चांगला परिणाम होतो, म्हणजे ७५ किलो असेल तर चार-सात किलो. लग्नातल्या वजनाला परत जायची गरज नाही. वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो पुरे, फार वेगाने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका पण वाढतो.

मधेच दोन-तीन महिन्यांनी काटा अडून बसेल. अंग हलकं झालं की त्याची गरजच कमी होते, त्यात गैर काही नाही. तेव्हा खाणं अजून कापू नका, आधी आठवडाभर जे खाता ते खरं खरं लिहा, दिवसातल्या पावलांकडे बघा, जेवण झाल्यावर दहा मिनिटं चाला. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

वजनाची इंजेक्शनं आता सगळीकडे ऐकू येतात, सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड वगैरे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी ती चांगली औषधं आहेत, घेण्यात कमीपणा काही नाही, पण डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. भूक इतकी कमी होते की प्रोटीन जातच नाही पोटात, त्यामुळे ताकदीचा व्यायाम तेव्हा तर दुप्पट महत्त्वाचा. बंद केली की बऱ्याच जणींचं वजन परत चढतं, तर पुढचं काय हे सुरू करतानाच विचारून घ्या.

आज एवढंच करा, घड्याळात ३० सेकंद लावा, हात छातीवर घडी करून खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. आकडा तारखेसकट वहीत लिहा आणि दर महिन्याला परत मोजा. माझे पहिल्यांदा ९ झाले होते, मागच्या महिन्यात १७, आणि वजन त्या काळात फक्त ६ किलो उतरलंय.