पोटावरची चरबी आणि हार्मोन्स: ताटात नेमकं काय बदलायचं?

पोटातली चरबी हार्मोन्सचं रूप बदलते, हे डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत सहसा कुणी सांगत नाही. तिच्या पेशींत ११-बीटा-एचएसडी-१ नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, असतं. ते निष्क्रिय कॉर्टिसोनचं सक्रिय कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, करतं. २००१ साली बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त चरबीत हे एन्झाइम वाढवून पाहिलं. रक्तातलं ताणाचं हार्मोन वाढलं नाही, तरी उंदरांची पोटं सुटली आणि रक्तातली साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन त्यांना पुरेनासं झालं. अ‍ॅरोमॅटेज हे दुसरं एन्झाइम चरबीतच इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनवतं. तिसरं एन्झाइम साठलेली चरबी फोडतं, पण रक्तात इन्सुलिन चढलेलं असेल तोवर ते दबून राहतं. म्हणून सुरुवात इन्सुलिनपासून करायची, आणि ते ताटातून आपल्या हातात येतं.

आधी कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सोडल्यावर टेप धरा. पोट आत ओढू नका. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. सोबत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (साखरेची काही महिन्यांची सरासरी) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासून घ्या.

मग संध्याकाळ हातात घ्या. ठाण्यात खरी गडबड इथेच होते. सहा-साडेसहाची लोकल, स्टेशनबाहेर वडापाव, घरी पोचल्यावर चहा-बिस्किट, आणि दहा वाजता पुन्हा पोटभर जेवण. इन्सुलिनला खाली यायला उसंतच मिळत नाही. पिशवीत भाजलेले चणे किंवा मूठभर शेंगदाणे ठेवा, ऑफिसमधून निघतानाच खा. मग स्टेशनबाहेरचा तो वास झेपतो. जेवण साडेआठच्या आत जमलं तर उत्तम. नाही जमलं तर निदान भात कमी करा.

ताटाचा क्रमही बदला. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, आणि पोळी किंवा भात शेवटी. तेच पदार्थ, पण या क्रमाने खाल्ले की जेवणानंतरची साखर कमी चढते. जांभळी नाक्याच्या बाजारात मेथी, चवळी, दुधी सहज मिळतात; निम्मं ताट त्यांचं असू द्या. मासे खाणाऱ्यांनी बांगडा घ्यावा, पण तळून नको, आंबट-तिखट कालवण करा. पोळी सोडून नाचणीची भाकरी धरली म्हणून ती कितीही खावी असं नाही. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच.

फरसाण, मैदा आणि गोड पेयं यांत मात्र तडजोड नको. फळांचा रससुद्धा नको, फळ चावून खा.

जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला. तलावपाळीला एक फेरी मारा किंवा सोसायटीच्या आवारात. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, त्यासाठी इन्सुलिन फारसं लागत नाही. झोपेचं म्हणाल तर ती कापून व्यायामाला उठण्यात मला शहाणपण वाटत नाही.

तीन महिन्यांनी कंबर आणि एचबीए१सी पुन्हा पाहा, कारण एचबीए१सी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी सांगतं. वजन फारसं हललं नाही तरी कंबर उतरलेली असू शकते, आणि तेच जास्त महत्त्वाचं.

एन्झाइमवर औषध म्हणून काढे सुचवणारे बरेच भेटतील. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर मूत्रपिंडातलं, ११-बीटा-एचएसडी-१ च्याच कुळातलं दुसरं एन्झाइम दबतं, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपी असलेल्यांनी ते टाळावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि पोट झपाट्याने सुटतंय, त्यावर रुंद जांभळे पट्टे उमटलेत, साध्या धक्क्याने काळंनिळं होतंय, असं दिसलं तर आहार बदलत बसू नका, थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा.