‘कोचला हाकला’ म्हणण्याआधी: हरणाऱ्या कॉलेज फुटबॉल संघाचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा संघ सलग हरायला लागला की चाहत्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: कोच बदला. हे वाक्य कधी अगदी बरोबर असतं, तर कधी संघाला आणखी दहा वर्षं मागे टाकतं. नशीब फिरलं, खेळाडूच कमी पडले, की शिकवणारे चुकले, हे आधी वेगळं करता यायला हवं. त्यासाठी प्रत्येक मॅचला साधारण चाळीस मिनिटं, एक वही आणि ईएसपीएनवर फुकट मिळणारा ‘प्ले-बाय-प्ले’ (मॅचमधल्या प्रत्येक चालीची, म्हणजे ‘प्ले’ची, नोंद) एवढं पुरतं. मॅच संपल्या संपल्या बसू नका, रविवारी बसा.

उदाहरणाला नेब्रास्का विद्यापीठाचा संघ घेऊ. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ असे पाच राष्ट्रीय किताब नावावर आहेत आणि लिंकन शहरातल्या त्यांच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक मॅचला पूर्ण विकली गेली आहेत. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू) स्कॉट फ्रॉस्ट २०१८ मध्ये हेड कोच म्हणून घरी परतला, तेव्हा अख्खं राज्य सुखावलं होतं. पुढच्या साडेचार वर्षांत १६ जय आणि ३१ पराजय. पाणी नेमकं कुठे मुरत होतं, हे या संघाच्या आकड्यांत फार स्वच्छ दिसतं.

आधी गुणांची बेरीज करा

पूर्ण सीझनचे मिळवलेले आणि दिलेले गुण वेगवेगळे जोडा. २०२१ मध्ये नेब्रास्काने १२ मॅचमध्ये ३३५ गुण केले, २७२ दिले, म्हणजे ६३ ने जास्तच. तरी निकाल ३ जय, ९ पराजय.

आता या गुणांना साधारण किती जय शोभले असते ते काढा. मिळवलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागा: ३३५ भागिले २७२ म्हणजे १.२३. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण येतं. त्यावर २.३७ घात करा, १.६४ येतात. १.६४ ला २.६४ ने (म्हणजे त्याच आकड्यात १ मिळवून) भागा: ०.६२. गुणिले १२ मॅच, साधारण साडेसात जय. मिळाले तीन.

इथे बहुतेक जण फसतात. दुबळ्या संघाला धुतल्याने हा आकडा फुगतो. त्या वर्षी फोर्डहॅमवर ५२–७ असा विजय होता आणि फोर्डहॅम खालच्या श्रेणीतला संघ. तो काढून टाका: ११ मॅच, २८३ विरुद्ध २६५, अपेक्षित जय सुमारे सहा, प्रत्यक्षात दोन. फुगवटा काढूनही चार जयांची तूट उरते. दोनपर्यंतची तूट नशिबाच्या खात्यात टाकता येते, चारची तूट दिसली की पुढे खोदायचं.

जवळच्या मॅच एका वर्षाच्या मोजू नका

आठ किंवा कमी गुणांनी सुटलेल्या मॅच वेगळ्या काढा, कारण टचडाउनचे (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याचे) सहा आणि त्यानंतर मिळू शकणारे दोन गुण मिळून आठ होतात, म्हणजे एका चढाईचा फरक. २०२१ मधल्या नऊ पराभवांपैकी आठ असेच होते. नववा ओहायो स्टेटकडून नऊ गुणांनी. नऊही पराभवांचं एकत्र अंतर ५६ गुण, सरासरी सहाच्या थोडं वर.

एका सीझनमध्ये अशा मॅच १–८ (एक जय, आठ पराजय) गेल्या तर सहसा दुसऱ्या वर्षी पारडं फिरतं. त्यामुळे एका वर्षावरून कोचच्या माथी खापर फोडणं चूक. मात्र कोचची पूर्ण कारकीर्द जोडा. फ्रॉस्टच्या काळात जवळच्या मॅचचा हिशेब ५ जय, २२ पराजय असा होता. नाणं २७ वेळा उडवून छापा पाच किंवा त्याहून कमी वेळा पडण्याची शक्यता हजारात एकही नाही. एवढं सातत्य नशिबात नसतं. तेच हात तेच काम पुन्हा पुन्हा तसंच करत असतील तरच असं होतं.

वहीत काय लिहायचं

प्ले-बाय-प्ले उघडा आणि दोन्ही संघांचा प्रत्येक प्ले ‘जमला’ की ‘फसला’ एवढंच मांडा. १० यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यातला प्रत्येक प्रयत्न म्हणजे डाउन. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या अंतराच्या निम्मं, दुसऱ्याला सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण अंतर मिळालं तर जमला. पहिला डाउन, १० यार्ड हवेत, ५ मिळाले: जमला. दुसरा डाउन, १० हवेत, ५ मिळाले: फसला. एका संघाचे साधारण ६५ ते ७५ प्ले होतात. जमलेल्यांचं प्रमाण ४० ते ४२ टक्के असेल तर मध्यम, ४५ च्या वर असेल तर चढाई चांगली चालली आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये (मॅचच्या शेवटच्या चतुर्थांशात) गुणांचं अंतर २२ च्या वर गेलं असेल तर तिथून पुढचे प्ले धरू नका, दोन्हीकडे राखीव पोरं खेळत असतात.

मग चुकांचे रकाने. हातातून चेंडू सुटला की तो कोणाला मिळेल हे जवळपास नाण्यासारखंच असतं. म्हणून ‘गमावलेले फंबल’ नव्हे, ‘सुटलेले चेंडू’ मोजा. वीस वेळा सुटून पंधरा गेले तर नशीब वाईट, आणि मुळात तीस वेळा सुटले तर सरावात खोट आहे.

पेनल्टीही दोन भागांत लिहा. होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं) किंवा पास इंटरफिअरन्स (पास झेलणाऱ्याला अडथळा) भरात होतं, समोरचा खेळाडू सरस असला की जास्तच. पण स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधीच्या चुका, म्हणजे फॉल्स स्टार्ट (आधीच हलणं), डिले ऑफ गेम (वेळेत प्ले सुरू न करणं), मैदानात अकराऐवजी बारा जण, या समोरच्याने करायला लावलेल्या नसतात. घरच्या मैदानावर एका मॅचमध्ये अशा चारच्या वर दिसल्या आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही कमी झाल्या नाहीत, तर तो थेट कोचचा रकाना.

टाइम-आउटही लिहा. अर्ध्या मॅचला तीन मिळतात. तिसऱ्या क्वार्टरमध्येच ‘खेळाडू चुकीच्या जागी उभे होते’ म्हणून दोन उडाले असतील तर शेवटच्या दोन मिनिटांत हात बांधलेले राहणारच.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी: लिंकनची सकाळी ११ ची मॅच आपल्याकडे रात्री साडेनऊला लागते, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. पहिला हाफ जागून बघा, वहीचं काम दुसऱ्या दिवशी करा. अर्धवट झोपेत मांडलेली वही चुकते.

स्पेशल टीम्स: इथे कोच उघडा पडतो

लाथेने चेंडू मारायच्या वेळी उतरणारे गट म्हणजे स्पेशल टीम्स: पंट (चढाई अडली की चेंडू लांब मारून समोरच्याला देणं), किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), फील्ड गोल (गुणांसाठी खांबांमधून मारलेली किक) आणि टचडाउननंतरची किक. कोच किती बारीक काम करून घेतो, हे इथे सगळ्यात लवकर कळतं. चढाई आणि बचावात तगडा खेळाडू चूक झाकून नेतो. इथे अकरा जणांनी ठरलेल्या दिशेने ठरलेल्या क्षणी धावायचं असतं आणि त्याला सरावाशिवाय दुसरा उपाय नाही.

२५ सप्टेंबर २०२१, मिशिगन स्टेट. नेब्रास्का २०–१३ ने पुढे, चौथ्या क्वार्टरची जेमतेम चार मिनिटं उरलेली. दुसऱ्या हाफमध्ये नेब्रास्काच्या बचावाने समोरच्यांना एकही फर्स्ट डाउन (नवे चार प्रयत्न मिळवून देणारी मजल) घेऊ दिलेला नव्हता. पंट मारायची वेळ आली. संघ एका बाजूला धावला, चेंडू दुसऱ्या बाजूला गेला. ज्या बाजूला चेंडू उतरला तिथे अडवायला माणूसच नाही आणि समोरचा खेळाडू ६२ यार्ड धावत टचडाउन करून मोकळा. ओव्हरटाइममध्ये २३–२० ने हार. हातातोंडाशी आलेला घास असा गेला.

ही एकच घटना असती तर सोडून देता आली असती. पण त्याच सीझनमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची किक अडवली गेली आणि समोरच्यांनी ती पळवत नेऊन दोन गुण घेतले (हार १६–२३). आयोवाविरुद्ध एकदा २१–६ अशी आघाडी होती, पुढे पंट अडवला गेला, त्याचा टचडाउन झाला आणि मॅच २१–२८ ने गेली. तीन वेगवेगळी कामं, तिन्ही ढिली.

म्हणून वहीत स्पेशल टीम्सचं पान वेगळं ठेवा: अडवल्या गेलेल्या किक, चुकलेल्या सोप्या किक (४० यार्डांच्या आतल्या), पंटवर समोरच्याने परत आणलेले यार्ड. मग संघाच्या वेबसाइटवर स्टाफची यादी उघडा. स्पेशल टीम्सला स्वतंत्र माणूस आहे, की दुसऱ्याच गटाच्या कोचच्या नावापुढे ते जोडलेलं आहे? नोव्हेंबर २०२१ मध्ये नेब्रास्काने काढलं ते चढाईकडच्या चार सहायकांना. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असंच ते होतं. स्पेशल टीम्ससाठी बिल बुश यांना नेमलं ते सीझन संपल्यावर.

पण निर्णय घेणारा बदलला नाही की चुकांचं फक्त रूप बदलतं. २७ ऑगस्ट २०२२, डब्लिन, समोर नॉर्थवेस्टर्न. नेब्रास्का २८–१७ ने पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये फ्रॉस्टने ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किकऑफ) मारायला लावली. अकरा गुणांची आघाडी असताना समोरच्याला लांब मैदान द्यायचं असतं. ऑनसाइड फसली तर मैदानाच्या मध्यावर चेंडू आयता हातात जातो. तसाच तो गेला, वारं फिरलं आणि मॅच ३१–२८ ने हातची गेली. नॉर्थवेस्टर्न त्यानंतरच्या अकराही मॅच हरला. असा निर्णय दिसला की वहीत चार गोष्टी लिहा: गुणफरक, उरलेला वेळ, चेंडूची जागा, फसल्यास किंमत. ‘धाडस’ की ‘मूर्खपणा’ हा वाद मग आपोआप मिटतो.

खेळाडूच कमी आहेत का?

मागच्या चार वर्षांत घेतलेल्या खेळाडूंमध्ये चार आणि पाच तारेवाले (शाळेत असतानाच वरचं मानांकन मिळालेले) किती, याची टक्केवारी काढा. २०११ ते २०२४ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रीय विजेत्याकडे हे प्रमाण निम्म्याच्या वर होतं. तुमच्या संघाचं वीस टक्के असेल तर किताब मिळत नाही म्हणून ओरडू नका. पण आपल्याइतक्याच किंवा कमी प्रमाणाच्या संघांकडून किती वेळा हरलो, हे जरूर मोजा, कारण कोचची परीक्षा तिथेच होते.

‘खेळाडू तयार व्हायला वेळ लागतो’ ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही. ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे) संघ एका उन्हाळ्यात बदलतो. इंडियाना २०२३ मध्ये ३–९ होता. कोच म्हणून कर्ट सिग्नेटी आले, जुन्या विद्यापीठातले बरेच खेळाडू बरोबर आणले आणि २०२४ मध्ये निकाल ११–२. त्या वर्षी त्यांनी नेब्रास्कालाच ५६–७ ने लोळवलं.

करार वाचा, मग तारीख मागा

सरकारी विद्यापीठांचे करार सार्वजनिक असतात. नाव, ‘काँट्रॅक्ट’ आणि ‘पीडीएफ’ असं शोधलं तर बहुतेक वेळा स्थानिक वर्तमानपत्राने टाकलेली प्रत मिळते. त्यात तीन जागा बघा: कारण न देता काढलं तर किती द्यावे लागतात, ही रक्कम कोणत्या तारखेला उतरते, आणि कोचला दुसरीकडे नोकरी लागली तर त्यातून वजावट होते का.

फ्रॉस्टला ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं, जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४२–४५ ने हरल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी द्यावे लागले दीड कोटी डॉलर. १ ऑक्टोबरला ही रक्कम ७५ लाखांवर येणार होती. तीन आठवड्यांचे ७५ लाख. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढलं तेव्हा वजावटीचं कलमच नव्हतं आणि बिल साडेसात कोटी डॉलरच्या वर गेलं. अशा ठिकाणी कोचइतकाच दोष त्या करारावर सही करणाऱ्या, विद्यापीठाचा क्रीडा विभाग चालवणाऱ्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचा असतो आणि राग तिकडेही वळायला हवा.

उलट बाजूही नेब्रास्कानेच दाखवली आहे. २००३ मध्ये फ्रँक सॉलिच आणि २०१४ मध्ये बो पेलिनी, दोघांनाही ९–३ असा सीझन झाल्यावर काढलं. पेलिनीनंतर आलेल्या माइक रायलींचा तीन वर्षांचा हिशेब १९–१९. वहीत वरची पानं स्वच्छ असतील आणि तक्रार एवढीच असेल की ‘नऊच जिंकतो’, तर थांबा.

राग कुठे पोचवायचा

खेळाडूंच्या खात्यांवर अजिबात नाही. ती अठरा ते बावीस वर्षांची पोरं आहेत, पंट कुठे मारायचा हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं.

पत्र अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या कार्यालयाला लिहा, एक पान, सीझन तिकिटाचा खातेक्रमांक वर. वहीतले तीनच मुद्दे घ्या आणि प्रत्येकाला मॅच, तारीख, आकडा जोडा. ‘संघाची लाज वाटते’ अशी वाक्यं वाचणारा पहिल्या ओळीतच बाजूला ठेवतो. ‘एका सीझनमध्ये किक आणि पंट मिळून इतके अडवले गेले, स्वतंत्र कोच कधी नेमणार?’ याला उत्तर द्यावं लागतं. तिकीट आणि देणगीच्या नूतनीकरणाची नोटीस येते त्या आठवड्यात पाठवा, तेव्हा पत्राला वजन असतं.

नेब्रास्कासारख्या राज्यात आणखी एक दार आहे. तिथल्या बोर्ड ऑफ रीजंट्सचे (विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे) आठ सदस्य मतदानाने निवडून येतात, सभा खुल्या असतात आणि नागरिकांना बोलायला वेळ मिळतो. व्हिसावर शिकणाऱ्या आपल्या मुलांना मत नसलं तरी विद्यार्थी विभागाचं तिकीट आणि विद्यार्थी प्रतिनिधी आहेत. मंडळात मत नसलेले चार विद्यार्थी सदस्यही बसतात. मुद्दे त्यांच्याकडे लेखी द्या आणि सोबत वहीच्या पानांचे फोटो जोडा.