जुन्या गुलाबांच्या काड्या: देताना, घेताना आणि रुजवताना या चुका टाळा

एडवर्ड, ओल्ड ब्लश, दमास्क आणि अंगणात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला, कुणालाच नाव माहीत नसलेला गावठी गुलाब. ही झाडं नर्सरीत सहसा मिळत नाहीत. तिथे मोठ्या, सुटसुटीत फुलांच्या हायब्रिड टी जातींना मागणी असते. १८६७ साली आलेल्या ‘ला फ्रान्स’पासून हायब्रिड टीचा काळ सुरू झाला असं मानतात आणि त्याआधीपासून लावले जाणारे गुलाबांचे वर्ग ‘जुने’ समजले जातात. हे जुने गुलाब आजवर टिकले ते मुख्यतः एका बागेतून दुसऱ्या बागेत गेलेल्या काड्यांमुळे. यातले बरेचसे गुलाब स्वतःच्या मुळांवर उत्तम वाढतात, त्यांना कलमाची गरज नसते. तरीही दहा काड्या घेतल्या की आठ काळ्या पडतात, अशी तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. दोष बहुतेक वेळा रूटिंग पावडरला, म्हणजे मुळं फुटावीत म्हणून काडीला लावायच्या पावडरीला, दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा काडी मातीत जाण्याआधीच घडलेलं असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

खुंटाचा फुटवा ‘गावठी गुलाब’ म्हणून वाटला जातो

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती कळायला एक-दोन वर्षं जातात. कलमी गुलाबाला खाली खुंट, म्हणजे दुसऱ्या गुलाबाचं मुळासकट खोड, असतो आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा (फांदी जिथून फुटते तो अंकुर) भरलेला असतो. वरचा गुलाब थकला किंवा मेला की खुंट जोरात फुटतो. त्याला लांबलचक, जोमदार फांद्या येतात. ‘काय जोर आहे बघा’ म्हणून त्याच्याच काड्या वाटल्या जातात, आणि खुंटाची काडी सहज लागत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

पाच पानं म्हणजे कलमी आणि सात पानं म्हणजे जंगली, या ठोकताळ्यावर विसंबू नका. दमास्कला एका देठावर सात पर्णिका (छोटी पानं) येऊ शकतात, आणि कित्येक आधुनिक जातींनाही येतात. खात्रीची तपासणी एकच: बुंध्याजवळची माती बाजूला करा आणि फांदी कुठून निघाली आहे ते पाहा. कलमाच्या गाठीच्या खालून किंवा मुळातून आलेली असेल तर ती खुंटाची. मग त्या फांदीवर फूल पाहिल्याशिवाय काडी देऊ नका आणि घेऊही नका. यात एक गुंता आहे. आपल्याकडे एडवर्ड हाच खुंट म्हणूनही वापरला जातो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, म्हणजे तेव्हाच्या बूर्बों बेटावर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आलेला हा सुगंधी गुलाबी गुलाब. त्यामुळे कलमाखालून आलेला फुटवा कधी कधी खरोखरच जतन करण्याजोगा निघतो. फूल येईपर्यंत थांबा, घाईने उपटू नका.

नावाचा अंदाज लिहिला जातो

ओळख पटलेली नसताना काडीला ‘दमास्क’ किंवा ‘एडवर्ड’ अशी चिठ्ठी लावली की ते चुकीचं नाव पुढच्या दहा बागांत पोचतं आणि मग मूळ माहिती कुणालाच सापडत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये जुन्या घरांजवळ आणि दफनभूमीत सापडलेल्या गुलाबांना तिथले हौशी लोक कामचलाऊ नाव देतात आणि खरं नाव सापडेपर्यंत तेच वापरतात. आपणही तसंच करावं. ‘वाई, वाडा, फिकट गुलाबी, वर्षभर फुलतो’ एवढी चिठ्ठी चुकीच्या लॅटिन नावापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. चिठ्ठीवर गाव, कुणाच्या बागेतली, काढल्याची तारीख, फुलाचा रंग, आणि एकदाच फुलतो की वारंवार, एवढं हवं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हात काही महिन्यांत उडते, पेन्सिल टिकते.

काडीच चुकीची निवडली जाते

ऑक्टोबरच्या छाटणीत ढीगभर फांद्या मिळतात म्हणून बुडखा, शेंडा, सगळंच खोचलं जातं. अंगठ्याएवढी जाड, करडी पडलेली फांदी फार सावकाश मुळं धरते आणि त्याआधीच वाळते. पावसात सरसर वाढलेला लालसर कोवळा शेंडा दोन दिवसांत माना टाकतो. हवी असते ती मधली काडी: नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड. तिच्यावरचा काटा अंगठ्याने बाजूला दाबला तर सालीला इजा न होता ‘टक्’ करून निघतो. काटा वाकला तर काडी कोवळी आहे. साल ओढून निघाला तर जून झाली आहे.

एडवर्डसारख्या वारंवार फुलणाऱ्या बूर्बों गुलाबांची आणि चायना वर्गातल्या ओल्ड ब्लशची काडी लवकर लागते. दमास्क आणि शंभर पाकळ्यांचा सेंटिफोलिया काडीला वेळ लावतात, पण स्वतःच्या मुळांवर असले तर शेजारी फुटवे काढतात. मुळासकट फुटवा मिळत असेल तर काडीचा हट्ट कशाला?

आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत काडी घ्या. तहानलेल्या झाडाची काडी आधीच अर्धी सुकलेली असते. लांबी १५ ते २० सेंटिमीटर, त्यात तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, कारण मुळं पेरापाशी जास्त फुटतात. वरचा काप डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर. वर बोटभर टोक सोडलं तर तिथूनच काळेपणा खाली उतरतो. कळी, फूल, फळ काढून टाका. वरची दोन पानं ठेवा, मोठी असली तर निम्मी कापा. सगळी पानं काढणं हीसुद्धा चूकच, कारण मुळं तयार करायला लागणारं बरंचसं अन्न ती पानंच बनवतात.

सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार हवी. बोथट पातं साल चेचतं आणि चेचलेली जागा सडते. प्रत्येक नव्या झाडाआधी पातं ७० टक्के स्पिरिटने पुसा. बुंध्यावर गाठी आणणारा क्राउन गॉल हा जिवाणूजन्य रोग पात्यावरून पसरतो. पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा किंवा जाळी दिसत असेल तर ती मोझॅक विषाणूची शक्यता समजा. तशा झाडाची काडी कुणालाही देऊ नका. झाड दिसायला कितीही छान असलं तरी विषाणू काडीबरोबर जातो आणि त्यावर औषध नाही.

वाटेतच काडी मरते

काड्या पाण्याच्या बाटलीत उभ्या करून नेणं किंवा ओल्याचिंब कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करणं, दोन्ही चुकीचं. कुरियरच्या गोदामातल्या उष्णतेत दुसऱ्या दिवशी त्या काड्या उकडल्यासारख्या निघतात. वर्तमानपत्र भिजवून घट्ट पिळा. हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. काड्यांवरची सगळी पानं इथे मात्र काढा, फक्त देठाचं बूड ठेवा. कागदात गुंडाळून मग पिशवीत घाला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. सोमवारी पाठवा. शुक्रवारी पाठवलेलं पार्सल रविवारभर कुठेतरी पडून राहतं.

घेणाऱ्याने पार्सल आल्याबरोबर काड्या तासभर साध्या पाण्यात ठेवाव्यात, खालचं टोक अर्धा सेंटिमीटर नव्याने कापावं आणि त्याच दिवशी लावाव्यात. तेवढा वेळ नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार-पाच दिवस चालतात. तिथे केळी, सफरचंद नको. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू काडीचे डोळे बिघडवतो. पाठवलेल्या जुडीत काडीची वरची बाजू कुठली हे कळायला वरचा काप सरळ, खालचा तिरका असं आपसांत ठरवून घ्या. पानं नसलेल्या काड्या उलट्या खोचल्या जातात, आणि हे अजिबात विरळ नाही.

माती, पावडर, बटाटा

काळी माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही काडीच्या कुंडीत नको. मुळं नसलेली काडी खत घेऊ शकत नाही, मात्र खतातली बुरशी काडीला घेते. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं, किंवा कोकोपीट आणि जाडसर रेती निम्मी-निम्मी. कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात, म्हणून भिजवून दोन-तीनदा पाणी बदला. बांधकामाची दगडी वाळू वापरायची तर चाळून तिची भुकटी धुऊन काढा, नाहीतर ती घट्ट होऊन बसते. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंबच पडावेत.

पावडर वापरायची तर अशा अर्धजून काडीला ०.३ टक्के आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) असलेली पुरते. जास्त तीव्र पावडर म्हणजे जास्त मुळं असं होत नाही, उलट बूड काळं पडतं. थोडी पावडर कागदावर काढा, काडीचं टोक एक सेंटिमीटर बुडवा, जादाची झटका आणि उरलेली फेकून द्या. डबीत ओली काडी बुडवली की सगळी पावडर खराब होते. बुरशीनाशकात बुडवणार असाल तर ते आधी (कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला २ ग्रॅम, दहा मिनिटं), मग काडी सुकवा, मग पावडर. पेन्सिलीने आधी भोक पाडून काडी त्यात ठेवा. तशीच खोचली तर पावडर वरच पुसली जाते. दोन डोळे मातीत, एक-दोन वर.

बटाट्यात काडी खोचण्याचे व्हिडिओ फार फिरतात. आपल्या हवेत बटाटा मातीत सडतो आणि काडीलाही सडवतो. पावडरीऐवजी मध किंवा दालचिनीही सुचवली जाते. मधात मुळं फुटवणारं काही नसतं. दालचिनी बुरशीला थोडीफार अडवते, मुळं आणत नाही.

झाकण आणि ऊन

वरून कापलेली प्लॅस्टिकची बाटली किंवा पारदर्शक पिशवी झाकली की पानं टवटवीत राहतात. पण अशी झाकलेली कुंडी उन्हात ठेवणं म्हणजे काडी शिजवणं. ५० टक्के शेडनेटखाली किंवा झाडाच्या उजेडी सावलीत ठेवा. आतून दव धरत असेल तर पाण्याची गरज नसते. रोज पाणी घालणारा माणूसच जास्त काड्या मारतो.

पुणे-नाशिक पट्ट्यात ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची सुरुवात चांगली, कोकणात पाऊस पूर्ण थांबल्यावर. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत मुळं थबकतात, कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा. मार्चनंतर तिथे घरगुती सोयीत काडी लावायचा नाद नको.

लक्षणं कशी वाचायची

खालून वर काळेपणा चढतोय: पाणी जास्त, मिश्रण घट्ट. ती काडी लगेच काढा, शेजारच्यांना वाचवा. वरून खाली काळं पडतंय: वरचा काप चुकलाय किंवा पातं घाण होतं. खाली हिरव्या भागापर्यंत कापून पाहा, कधी कधी वाचते. पानं आठवड्यात पिवळी पडून गळली पण काडी हिरवी आहे: फेकू नका, अशा काड्याही पुष्कळदा लागतात. महिन्याने उपटल्यावर बुडाला पांढरा गड्डा दिसतो पण मुळं नाहीत: थंडी जास्त आहे. गड्ड्यावर ब्लेडने हलका ओरखडा काढून पुन्हा लावा आणि ऊबदार जागी ठेवा.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे नवी पालवी. दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे फुटतात, माणूस खूश होतो आणि झाकण काढून कुंडी उन्हात नेतो. तो फुटवा काडीतल्या साठ्यावर आलेला असतो, खाली मुळाचा पत्ताही नसतो. दोन दिवसांत पालवी मलूल होते. मुळांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात, दमास्कला त्याहून जास्त. ओढून पाहू नका, कोवळी मुळं बुडापाशीच तुटतात. पारदर्शक कपात काडी लावली, बाहेरून गडद कागद गुंडाळला, की कागद सरकवून मुळं दिसतात.

मुळं आल्यावरची घाई

मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की आठवडाभर झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवा. नंतर चार-पाच इंची पिशवीत, हलक्या मातीत हलवा. डीएपी, युरिया ही रासायनिक खतं अजिबात नकोत. महिनाभराने पातळ केलेलं शेणखताचं पाणी पुरे. हलवल्यानंतर दोन आठवडे सावली, मग सकाळचं ऊन.

परदेशातल्या नातेवाइकांकडून बॅगेत काड्या मागवू नका. भारतात रोपं आणि काड्या आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत अतिसूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणारा रोझ रोझेट हा विषाणूजन्य रोग गुलाबांची झाडं मारतो आहे, त्याची लागण झालेली एक काडीही इथल्या जुन्या गुलाबांना धोक्याची ठरू शकते. इथून तिकडे पाठवतानाही त्या देशाचे नियम तितकेच कडक असतात.

नव्या रोपावर पहिल्या तीन-चार महिन्यांत आलेल्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा, मुळं आणि फांद्या आधी भरू द्या. गावातल्या मूळ झाडाचा भरवसा नसेल तर रुजलेली दोन रोपं दोन वेगळ्या बागांत द्या. नव्या रोपावरून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत एकही काडी काढू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.