मॅडनची ऑनलाइन लीग चालवताय? नियम लिहिताना या चुका टाळा

मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये ३२ जणांपर्यंत मिळून फ्रँचायझी लीग खेळता येते. 'खऱ्या एनएफएलसारखं (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगसारखं) खेळा' म्हणत लीग चालवणारा कमिशनर भारंभार नियम लिहितो आणि दुसऱ्या सीझनला निम्मे लोक गळतात.

सगळ्यात जास्त भांडणं चौथ्या डाऊनवरून होतात. दहा यार्ड सरकायला चार संधी, म्हणजे चार डाऊन, मिळतात. चौथ्या वेळी खरे संघ बहुधा पंट करतात (चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देतात) किंवा फील्ड गोल मारतात (लाथेने चेंडू गोलपोस्टमधून मारून गुण घेतात). मग नियम येतो: आघाडीवर असाल तर पहिल्या हाफमध्ये चौथ्या डाऊनला पुढे सरकायला खेळायचं नाही. आता फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, आठवा. फिलाडेल्फिया ईगल्स १५-१२ ने पुढे, हाफ संपायला ३८ सेकंद, चौथा डाऊन, गोल लाइन एका यार्डावर. कोच डग पीडरसन यांनी फील्ड गोल घेतला नाही; एरवी पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅक निक फोल्सने स्वतःच पास झेलून टचडाऊन केला आणि पुढे संघ ४१-३३ जिंकला. तुमच्या लीगमध्ये याच खेळीला दंड बसला असता! बंदी घालायचीच तर जागा आणि अंतर बघून घाला. स्वतःच्या हद्दीत दोन यार्डांहून जास्त बाकी असेल तर पंट, शेवटच्या क्वार्टरला पिछाडीवर असाल तर मोकळीक. एवढं पुरे.

घड्याळाचंही तसंच. खऱ्या सामन्यात १५ मिनिटांचा क्वार्टर असतो म्हणून गेममध्येही तोच ठेवला आणि अ‍ॅक्सिलरेटेड क्लॉक (दोन प्लेंच्या, म्हणजे खेळींच्या, मधला वेळ आपोआप कापणारी सेटिंग) बंद केलं, तर सामना संपता संपत नाही आणि स्कोअर भलतेच फुगतात. मिनिटं मोजू नका, प्ले मोजा. खरा संघ सामन्यात साधारण साठ-पासष्ट प्ले खेळतो; तेवढे होतील असं घड्याळ लावा.

एकच प्ले पुन्हा पुन्हा मारणाऱ्याला मात्र आवरायलाच हवं. समोरच्याची मजा त्यानेच जाते. पण 'अतिरेक नको' असं मोघम लिहू नका, आकडा लिहा.

ट्रेडला, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीला, तीन जणांची समिती नेमा. त्यात कमिशनर नको.

आणि लीगचा पुढचा आठवडा सुरू करायची वेळ, लोक भारत आणि अमेरिकेत असतील तर, दोन्हीकडची लिहा. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे पुण्यात सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा.